एकशे अठरावं नाव

भाऊ,

मराठी मंडळाच्या देशपांड्यांनी तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुम्हाला जाऊन अजून तेरा दिवसही झाले नाहीत, पण शोकसभेत वाटायची पुस्तिका छापायला द्यायची आहे. फोनवर ते म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्याकडे बसून इतके अर्ज लिहिलेत, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलंय? फक्त ते प्लॉटचं तेवढं नको हं. गेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलावं."

मी हो म्हणाले, आणि मग चार दिवस नुसती बसून राहिले. प्लॉटचं सोडून लिहायला घेतलं की हात अडतो. तुमचं माझं जे काही होतं ते त्या एका यादीपाशी येऊन थांबलं, आणि पुढे तीस वर्षं तिथेच थांबून राहिलं. म्हणून हे आधी तुम्हालाच लिहिते आहे. देशपांड्यांना पटलं तर छापतील, नाही पटलं तर नाही.

अर्ज कसा लिहायचा ते तुम्हीच मला शिकवलंत. मी मुलताई गावाहून नुकतीच आले होते, घराण्यातली पहिली बी.ए. वडील शिंपी. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी मार्कशीट दाखवली होती, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. नोकरी शोधायला म्हणून बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीत मनोहरमामाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. मामा कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये होता. पहिल्याच रविवारी तो मला तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही बरामद्यात पाटावर बसून स्कूटरचा प्लग काचकागदाने घासत होता. युनियनचे नेते, महापालिकेत दोनदा निवडून आलेले पार्षद, आणि हात कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, भाऊ घरात असतील, हा मिस्त्री आहे.

"काय शिकली?"

"बी.ए. हिंदी साहित्य."

"मग अर्ज लिहिता येत असेल."

मी जन्मात एक अर्ज लिहिला नव्हता. "येतो येतो," मामाच म्हणाला.

पहिला अर्ज शांताबाईंचा होता. त्यांच्या नवऱ्याला दोन वर्षांपासून दम्याचा त्रास होता आणि त्याचं भट्टीजवळचं काम बदलून हवं होतं. मी दोन पानं लिहिली. त्यात अश्रूंच्या धारा होत्या, नियतीचा घाला होता, चिमण्या जिवांची वाताहत होती. तुम्ही ते सगळं शांताबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलंत. त्या डोक्यावरचा पदर सावरत लक्ष देऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "फार वाईट झालं बिचाऱ्यांचं. कोण आहेत हे?"

बरामद्यातली सगळी माणसं हसली. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. तुम्ही कागद माझ्याकडे परत दिलात. "मास्तरीणबाई, अर्जात रडायचं नाही. साहेबाला रडणं वाचायला वेळ नसतो. काय झालं ते लिही, काय पाहिजे ते लिही. बस."

दुसऱ्यांदा लिहिलेला अर्ज सात ओळींचा झाला, आणि शांताबाईंच्या नवऱ्याचं काम बदललं. पुढे मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, भाऊ. दर वर्षी पत्रलेखनाच्या तासाला मी ती गोष्ट सांगायचे. मुलं हसायची. तुमचं नाव मात्र सांगत नसे.

आणखी एक आठवतं. मंडळाच्या गणपतीत मी पहिल्यांदा आभार मानायला उभी राहिले आणि म्हणाले, "मी दोन महिन्यांपासून इथं येऊन राहिली." पुढच्या रांगेत पुण्याकडून बदलून आलेल्या इंजिनिअरांच्या बायका बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक तर "कुठून येऊन राहिली ग बाई?" असं ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी वाक्य अर्धंच टाकून खाली बसले. त्यानंतर तुमचं भाषण होतं. तुम्ही माईक धरलात आणि म्हणालात, "मी आता बोलून राहिलो. तुम्ही लोक ऐकून राहिले. चालते ना?" अमरावतीकडचे तुम्ही, पण मंडळात नेहमी जपून पुस्तकी मराठी बोलायचात. त्या दिवशी पूर्ण भाषण गावाकडच्या बोलीत केलंत. मागच्या रांगांतून जी टाळी पडली ती अजून कानात आहे. घरी जाताना मामा म्हणाला, "पोरी, या माणसासाठी जीव द्यावा."

जीव कोणी मागितला नाही. फार थोडं मागितलं गेलं, म्हणून तर ते इतकं सोपं झालं.

माझ्या नोकरीसाठी मात्र तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत. मी तोंड उघडून मागितली होती. तुमची चिठ्ठी नेली की शाळेत काम होतं, हे बरखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. "तुला नाही देणार," तुम्ही म्हणालात. "तुझं तू मिळव. नाहीतर जन्मभर पगाराच्या दिवशी माझी आठवण काढशील." मी आठवडाभर रागावून आले नाही. सहा महिन्यांनी निवड झाली तेव्हा पेढे घेऊन आले, तर तुम्ही पेढा हातात धरून म्हणालात, "बघ, आता कोणाच्या बापाची मिंधी नाहीस." भाऊ, माझ्या अंगात जो काही ताठपणा आहे तो त्या एका नकारातून आला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता यादीचं.

आमच्याकडच्या प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक तारीख लटकत असे. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं. मुलं तिथेच जन्मलेली, लिंबाची झाडं हाताने लावलेली, पण घर कारखान्याचं. म्हणून तुम्ही कामगारांची गृहनिर्माण सोसायटी उभी केलीत, आनंद नगरच्या पुढे जमीन मिळवलीत. त्या जमिनीसाठी तुम्ही किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. एकेका कागदासाठी तुम्ही दुपारच्या उन्हात स्कूटरवरून जायचात आणि संध्याकाळी मान खाली घालून यायचात. ती जमीन तुमच्यामुळेच मिळाली, यात तुमच्या शत्रूलाही शंका नाही. त्यात एकशेवीस प्लॉट बसत होते. जो आधी अर्ज देईल त्याचा नंबर आधी, असं ठरलं.

महिनाभर दर रविवारी बरामद्यात अर्ज घेतले गेले. तुम्ही स्वतः फुलस्केप कागदावर, निळ्या शाईने, नावं लिहून घेत होता. पावती कोणालाही दिली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. मी एकदा विचारलं तर रांगेतला एकजण माझ्यावरच उखडला, "भाऊंकडे पावती मागायची? उद्या बापाकडे मागशील." बाहेरच्या कोणाला हे खरं वाटणार नाही. हजारो मशीनच्या भागांची नोंद ठेवणारी ती माणसं, नटबोल्टसुद्धा सही केल्याशिवाय स्टोअरमधून बाहेर न काढणारी. पण भाऊंनी लिहून घेतलं म्हणजे झालं.

लखन साहू आले तो रविवार मला स्वच्छ आठवतो. ते क्रेनवर होते. दिवसभर उंचावरच्या केबिनमधून खाली ओरडून बोलायची सवय, त्यामुळे बरामद्यातही ओरडूनच बोलले.

"भाऊ, मेरा कौन-सा नंबर?"

"एक सौ अठारह."

"पक्का?"

"अरे लिख दिया ना. पक्का."

साहूजी फाटकापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत भेटेल त्याला सांगत गेले, "एक सौ अठारह! भाऊ ने पक्का बोला है!" आम्ही सगळे हसत होतो. तुम्हीही.

तीन आठवड्यांनी तुम्ही मला यादी स्वच्छ उतरवायला दिलीत. युनियनच्या ऑफिसबाहेर काचेच्या फळ्यावर माझ्याच अक्षरातल्या याद्या लागत. उतरवत उतरवत मी चाळिसाव्या नावापर्यंत आले, तर पुढे समासात बाण काढून तीन नावं घातलेली. पहिलं मनोहरमामाचं. दुसरं शांताबाईंचं, तोवर त्यांचा नवरा गेला होता. तिसरं तुमच्या साडूंचं. तिघांचे अर्ज उशिरा आले होते, त्यांची नावं मुळात एकशेविसाच्या खाली कुठेतरी होती आणि तिथे आता रेघ मारलेली होती.

"भाऊ, हे मध्येच?"

"लिही."

मी लिहिलं. मामाचं नाव लिहिताना माझं अक्षर जरा जास्तच सुंदर आलं असेल. पुढचे सगळे आकडे तीनने सरकले. एकशे अठरावं नाव एकशे एकविसावं झालं, आणि जमीन एकशेवीसवर संपली.

शेवटचे तिघे बाहेर गेले. दोघांनी तक्रार केली नाही. एक गावाकडे परतणार होता, दुसऱ्याच्या मुलाने इंदूरला घर घेतलं होतं. साहूजी तेवढे फळ्यासमोर उभे राहिले. काचेवर बोट ठेवून त्यांनी नाव शोधलं, मग आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. "भाऊ ने एक सौ अठारह बोला था," ते म्हणाले. नेहमीसारखं ओरडून नाही.

तक्रार झाली. वर्तमानपत्रात आलं. तुम्हाला विधानसभेचं तिकीट मिळायची बोलणी चालली होती, त्यामुळे तुमच्या विरोधकांना आयतीच काठी सापडली. कोणीतरी तुमच्या फाटकाच्या भिंतीवर खडूने 'प्लॉटवाले भाऊ' असं लिहिलं आणि वहिनींनी ते ओल्या फडक्याने पुसलं. चौकशीला एक अधिकारी आले. तुम्ही सांगितलंत की मूळ कागद सापडत नाहीत, साहूचा काहीतरी गैरसमज झाला असेल. मग मला बोलावलं.

"ही यादी तुमच्या अक्षरात आहे?"

"हो."

"ज्या कागदावरून उतरवलीत, त्यात एकेचाळीस ते त्रेचाळीस ही नावं कुठे होती? नंतर घातलेली होती का?"

खिडकीबाहेर मामा उभा होता. प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली होती आणि तेव्हापासून तो हात तो खिशातच ठेवायचा. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या झाडाकडे बघत होता. त्याच्या चार मुली होत्या, क्वार्टर सोडायला दोन वर्षं उरली होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तुम्ही मला असं सांग म्हणाला नव्हता. निरोपही पाठवला नव्हता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण काहीजण म्हणायचे की भाऊंनी पोरीला पढवलं. नाही पढवलं. ते खोटं माझं स्वतःचं होतं.

काही सिद्ध झालं नाही. तिकीट मात्र गेलं, आणि तुम्ही पुन्हा कधी कुठल्या निवडणुकीला उभे राहिला नाहीत. साहूजींचं काय झालं, ते तुम्हाला ठाऊक होतं. बरखेड्याने त्यांना त्या आकड्याचं नाव पाडलं. ते सायकलवरून निघाले की टपरीवरून हाक यायची, "क्यों एक सौ अठारह, किधर?" शिफ्ट सुटताना गेटवर पोरं ओरडायची, "एक सौ अठारह, पक्का!" भाऊंवर खोटा आळ घेणारा माणूस म्हणून त्यांच्याशी चहा प्यायला कोणी बसेना. मी शाळेतून येताना हे ऐकायचे आणि पावलं भरभर टाकायचे.

शेवटी एका रविवारी तुमच्याकडे आले. तुम्ही पाटावर बसून प्लगच घासत होता.

"भाऊ, असं का केलं?"

"मनोहर दवाखान्यात पडला होता तेव्हा अर्ज सुरू झाले. बोटं कारखान्याला दिली, म्हणून त्याचा नंबर मागे? शांता नवऱ्याचे दिवस करत होती. तिनं ते सोडून रांगेत यायचं? रांगेला डोळे नसतात ग. मला आहेत."

मला हे पटलं होतं. खरं सांगते, अजूनही बरंचसं पटतं. तेवढ्यावर मी उठले असते तर आयुष्यभर तुमचा फोटो भिंतीवर लावून मोकळी झाले असते.

"आणि साडू? त्यांचं काय तुटलं होतं?"

तुम्ही प्लग घासत राहिलात. आत वहिनींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मग तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चहा घेऊन जा."

मी चहा न घेता निघाले. तुम्ही थांबवलं नाहीत, आणि पुढच्या रविवारी बोलावणंही धाडलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, जी पोर तुमच्यासाठी खोटं बोलली तिला एका प्रश्नाबद्दल तुम्ही तोडून टाकलंत. मी ते खोटं तुमच्यासाठी बोललेच नव्हते, मामाच्या घरासाठी बोलले होते, हे मात्र मी सोयीने विसरून गेले. मामाला प्लॉट मिळाला, घर झालं, त्याच घरातून माझं लग्न लागलं. कधी विषय निघालाच तर मामा म्हणायचा, "माझा नंबर कसा लागला ते मला विचारू नको." पाच वर्षांपूर्वी तो त्याच घरात गेला. तुम्ही आला होता. आपण दोघं एकमेकांना नमस्कार करून वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलो.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दोन दिवस घरातच होते. दहाव्याला वहिनींना भेटायला आले. बरामद्यात तुमची स्कूटर गोणपाट टाकून ठेवलेली आहे. वहिनींनी चहा केला. मी घेतला.

मग त्या आत तुमच्या पलंगाखालून एक पातळ लोखंडी पेटी घेऊन आल्या. "हे तुझं आहे म्हणायचे," त्या म्हणाल्या. आत चार फुलस्केप कागद होते. निळी शाई, तुमचं अक्षर, समासातला बाण.

मी त्या बाणावर बोट ठेवलं. वहिनी बोलल्या. "मी कितीदा सांगितलं, जाळून टाका, नको ते घरात. तर म्हणायचे, हा कागद गेला तर पोरीचं अक्षर एकटं पडेल. पुन्हा कधी चौकशी निघाली आणि तिच्यावर आली, तर हा काढून दाखवीन, की मी सांगितलं म्हणून तिनं लिहिलं." मग त्या म्हणाल्या, "साडूचं नाव माझ्या बहिणीनं रडून घालायला लावलं. मीही मधे बोलले होते. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. मी आत भांडी धरून उभी राहिले."

घरी येऊन मी खूप रडले, भाऊ. तीस वर्षं ज्याला मी तोडून टाकणं समजत होते, त्या सगळ्या काळात तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावा जपून ठेवला होता, माझ्यासाठी. जाळायला एक काडी पुरली असती. इतकी माझी काळजी मला जन्म देणाऱ्यांनंतर कोणी केली नाही.

आणि मग, रडून झाल्यावर, राग आला. तो तुमच्यापासून लपवणार नाही. माझं अक्षर एकटं पडू नये म्हणून कागद ठेवलात. साहूजी एकटे पडले होते ते तुम्हाला दिसत होतं. तुम्हाला डोळे आहेत असं तुम्हीच म्हणाला होता. त्यांचा खरेपणा त्या पेटीत होता आणि पेटी तुमच्या पलंगाखाली. ते रोज तुमच्या फाटकासमोरून सायकलने जात होते. तुम्ही पेटी उघडली नाहीत, मी तोंड उघडलं नाही. आपण दोघं सारखेच निघालो.

मामाची धाकटी, नीता, आता त्या घरात राहते. तिला आधी सांगणं भाग होतं.

"घर जाईल का ताई?"

"नाही. इतक्या वर्षांनी कोण काढणार?"

"मग काय जाईल?"

"मामाचं नाव जरासं जाईल."

ती दारातल्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी झोपेत आकडे मोजायचे. सांग तू."

काल मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला गेले. साहूजी तिथे मुलीकडे राहतात, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. कारखान्याच्या आवाजाने कान गेले आहेत, पण आवाज अजून केबिनमधलाच आहे.

"आओ बिटिया! भाऊ की तेरहवीं हो गई?"

"परसों है, साहूजी."

"मैं घाट पर गया था. पीछे खड़ा था. किसी ने देखा नहीं होगा."

मी ते कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, अक्षर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ का हाथ है." मग बोट ठेवून एकेक ओळ खाली जाऊ लागले, फळ्यावर शोधलं होतं तसंच. चौथ्या कागदावर बोट थांबलं. मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी अशी हाक मारली की खालचं कुत्रं भुंकायला लागलं.

"पुष्पा! इधर आ. पढ़ ये. ज़ोर से पढ़."

पुष्पा ओले हात पुसत आली. तिने वाकून वाचलं, "एक सौ अठारह. लखन साहू, क्रेन."

"फिर से."

"एक सौ अठारह. लखन साहू, क्रेन."

"मैंने बोला था ना," ते म्हणाले. "तेरी माँ मर गई, उसको भी पूरा भरोसा नहीं था. बोलती थी, तुमने सुनने में गलती की होगी."

मी त्यांना सांगितलं की मला सगळं आठवत होतं, चौकशीत मी खोटं बोलले. हे त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगणं किती कठीण असतं ते मला काल कळलं. त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या.

"तुम्हारे मामा बाहर खड़े थे. मैं भी वहीं खड़ा था, दरवाज़े के पास. मैं उसी दिन समझ गया था बिटिया." मग म्हणाले, "पर मेरे समझने से क्या होता था."

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. निघताना मी म्हटलं की वसाहतीतल्या सामुदायिक भवनाला, भाऊ, तुमचं नाव द्यायचा ठराव शोकसभेत येणार आहे. त्यांनी हात हलवला. "देना चाहिए. क्यों नहीं देना चाहिए? पुष्पा की शादी उसी भवन में हुई है. सब मुझसे बोलते नहीं थे, तब भी भाऊ ने हॉल दिलवाया था. ख़ुद नहीं आए." चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. "आदमी अच्छा था. मेरे साथ अच्छा नहीं किया."

भाऊ, तुमच्याबद्दल याहून खरं वाक्य मी दोन पानांत लिहू शकले नसते.

ते कागद मी त्यांच्याकडेच ठेवून आले. माझ्यासाठी जपलेत, पण ते माझे नव्हते. शेवटच्या पानाच्या मागे मी माझ्या अक्षरात लिहून सही केली की एकेचाळीस ते त्रेचाळीस ही नावं नंतर घातलेली होती, मी ती पाहिली होती आणि चौकशीत मी ते सांगितलं नाही. आता तुमचं अक्षर आणि माझं अक्षर एकाच कागदावर आहे. कोणीच एकटं नाही.

काय झालं ते लिहिलं. आता काय पाहिजे ते, तुमच्याच शिस्तीने.

भवनाला तुमचं नाव द्यावं. त्या ठरावाला मी हात वर करीन, आणि ज्यांना हात वर करायचा नाही त्यांच्यावर रागावणार नाही. मात्र ठरावाच्या आधी ती यादी सभेत एकदा वाचली जावी, तुम्ही पहिल्यांदा लिहिलीत तशी, बाणाशिवाय. एकशेवीस नावांना फार तर दहा मिनिटं लागतील. देशपांडे म्हणतील, हे शोकसभेत शोभत नाही. त्यांना मी समजावीन. समजलं नाही तरी वाचीन.

साहूजींना विचारलं, कागद घेऊन याल का? "आऊँगा," ते म्हणाले, "पर आगे बैठाना. पीछे से सुनाई नहीं देता."

पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवायला मी नीताला सांगितलं आहे. आणि एकशे अठरा आलं की मी मोठ्यानं वाचणार आहे, भाऊ. टपरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तुमची,
मास्तरीणबाई